लिनक्सवर लॅपटॉपची आवाज-ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, किंवा चालू होऊन परत बंद पडतात: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

लिनक्स टाकलं की वायफाय चालतं, टचपॅड चालतो, प्रिंटरसुद्धा सापडतो, आणि नेमकी वरच्या ओळीतली आवाजाची, ब्राइटनेसची, माइक बंद करायची बटणं मेल्यासारखी पडून असतात. मग नेटवर शोधायचं, कुणीतरी दिलेली एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवायची, बटण चालू झालं की बरं वाटतं, आणि रीस्टार्ट केलं की परत तेच. काहींचं कित्येक महिने व्यवस्थित चालतं आणि एखादं अपडेट झालं की अचानक बंद. हा प्रश्न इतका परत परत का येतो तर बटण कुठे अडलंय हे न बघता आपण थेट उपाय लावतो, आणि चुकीच्या जागी लावलेला उपाय एकतर लागतच नाही नाहीतर टिकत नाही.

बटण दाबल्यावर काय काय होतं ते एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. कीबोर्डचा कंट्रोलर एक नंबर पाठवतो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या स्कॅनकोडवरून ठरवतो की हे बटण कुठलं, आणि त्याला स्वतःचा कीकोड देतो, म्हणजे आवाज वाढवा ११५, कमी करा ११४, म्यूट ११३, प्ले-पॉज १६४, ब्राइटनेस कमी २२४ आणि जास्त २२५. मग स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणारं एक्स किंवा वेलँड त्या कीकोडला नाव देतं, ती नावं एक्सएफ८६ ने सुरू होतात कारण ती एक्सफ्री८६ या जुन्या प्रोजेक्टमधून आलीत. आणि सगळ्यात शेवटी डेस्कटॉपचा कुठलातरी प्रोग्राम ते नाव पकडून खरंच आवाज वाढवतो. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग तोटी, इथेही तसंच करायचं, वरून खाली एकेक बघत यायचं.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्यात, फोनवर एखाद्याला सांगतो तशा. टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा, कॅपिटल लागतात तिथे तसं सांगितलंय, बाकी सगळं स्मॉल.

टर्मिनल उघडायच्या आधी एक बघून घ्या. बायॉसमध्ये ॲक्शन की मोड, हॉटकी मोड अशा नावाची सेटिंग असते, आणि बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफएन लॉक चालू-बंद होतं. ते उलटं झालं असेल तर आवाजाच्या बटणावर एफ३ जातं आणि आपल्याला वाटतं बटण बिघडलं. आणि एफएन हे बटण बहुतेक मशीनवर सिस्टीमपर्यंत पोचतच नाही, कंट्रोलर ते आतल्या आत वापरतो, त्यामुळे एफएनचं मॅपिंग बदलायच्या मागे लागू नका.

आता खरी तपासणी. इव्हटेस्ट नावाचं छोटं पॅकेज आहे, उबंटू-डेबियनवर सुडो एपीटी इन्स्टॉल इव्हटेस्ट, फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. सुडो लावून चालवलं की सगळ्या इनपुट डिव्हाइसची यादी येते आणि एक नंबर निवडायला सांगते. इथे बहुतेक जण एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड निवडतात, बटण दाबतात, काही आलं नाही की म्हणतात गेलं. पण यादीत खाली नीट बघा, व्हिडिओ बस असतं, मॉडेलप्रमाणे थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स, आयडियापॅड एक्स्ट्रा बटन्स, आसुस डब्ल्यूएमआय हॉटकीज, एचपी डब्ल्यूएमआय हॉटकीज असलं काहीतरी असतं. खास बटणं पुष्कळदा कीबोर्डच्या वाटेने येतच नाहीत, ती एसीपीआय किंवा डब्ल्यूएमआयच्या (लॅपटॉपच्या फर्मवेअरने सिस्टीमला निरोप द्यायच्या पद्धती) वाटेने येतात आणि अशा वेगळ्या डिव्हाइसवर उमटतात. ब्राइटनेसची बटणं तर बऱ्याचदा व्हिडिओ बसवरच सापडतात. एकेक डिव्हाइस तपासायचा कंटाळा असेल तर सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स चालवा, ते सगळ्या डिव्हाइसवर एकदम कान लावून बसतं, त्यासाठी डेबियनवर लिबइनपुट-टूल्स आणि फेडोरावर लिबइनपुट-युटिल्स हे पॅकेज लागतं.

जुन्या लेखांमध्ये शोकी हायफन एस वापरायला सांगतात. २.६ पासूनच्या कर्नलमध्ये ते दाखवतं ते खरे कच्चे स्कॅनकोड नसतात, कर्नलने परत बनवलेले असतात, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

स्कॅनकोड येतो पण नाव येत नाही

इव्हटेस्टमध्ये फक्त एमएससी स्कॅन अशी ओळ येते, समोर दोन अक्षरी कोड असतो, आणि बटणाचं नाव कुठेच दिसत नाही. याचा अर्थ कर्नलला नंबर मिळाला पण हे बटण कुठलं ते त्याला माहीत नाही. सुडो डीमेसेज (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड, स्पेलिंग डीएमईएसजी) चालवून शेवटच्या ओळी बघा, तिथे तो स्वच्छ सांगतो: अननोन की प्रेस्ड, कोड ०एक्सएबी, आणि लगेच खाली, यूज सेटकीकोड्स ई०२बी, पुढे तुमचा कीकोड टाका. ०एक्सएबी चं ई०२बी कसं झालं तर कोड हेक्समध्ये ८० किंवा त्याच्या वर असेल तर त्यातून ८० वजा करायचे आणि पुढे ई० लावायचं. हे गणित करायची गरज नाही, मेसेजमध्ये आयतं दिलेलं असतं.

तर सुडो सेटकीकोड्स ई०२बी ११५ मारा आणि बटण दाबा. आवाज वाढला तर निदान बरोबर आहे. पण हे फक्त तपासण्यापुरतं, मशीन बंद केलं की गेलं. "रीस्टार्टनंतर परत तेच" म्हणणारे बहुतेक जण इथेच थांबलेले असतात. काही जण ही ओळ सुरुवातीच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवतात, चालतं तेही, पण कायमचा आणि योग्य उपाय यूडेव्हचा (डिव्हाइस सांभाळणारा सिस्टीमचा भाग) एचडब्ल्यूडीबी, म्हणजे हार्डवेअरच्या माहितीचा साठा, हा आहे आणि तो अवघड नाही.

/ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी या फोल्डरमध्ये ९०-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी अशी फाइल बनवा. पहिली ओळ अगदी डाव्या कडेपासून:

इव्हडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:*

आणि दुसरी ओळ एक स्पेस सोडून:

 कीबोर्ड_की_एबी=व्हॉल्यूमअप

बरोबरच्या चिन्हाआधीचं कीबोर्ड_की_ कॅपिटलमध्ये, कोड स्मॉलमध्ये, नंतरचं नाव स्मॉलमध्ये. सेव्ह केल्यावर सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि मग सुडो यूडेव्हॲडम ट्रिगर. एवढंच.

पण या दोन ओळींत लोक कुठे अडकतात ते सांगतो. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीची स्पेस विसरली की ती ओळ मॅपिंग म्हणून धरलीच जात नाही. इथे कोड एबी असाच लिहायचा, सेटकीकोड्सवाला ई०२बी नाही, दोन्ही एकाच बटणाचे असले तरी लिहायची पद्धत वेगळी आहे आणि ही गल्लत फार होते. नाव कर्नलच्या यादीतलं हवं, पुढचं की_ काढून, म्हणजे व्हॉल्यूमअप, म्यूट, प्लेपॉज, ब्राइटनेसडाउन. एक्सएफ८६ऑडिओरेझव्हॉल्यूम हे पुढच्या टप्प्यावरचं नाव आहे, ते इथे चालत नाही. आणि अपडेटची कमांड राहिली तर फाइल कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही, कारण यूडेव्ह तुमची फाइल वाचत नाही, त्यातून तयार झालेली एचडब्ल्यूडीबी.बिन ही बायनरी वाचतो.

फाइलमधून एखादी ओळ काढून टाकली तर जुनं मॅपिंग लगेच जात नाही, रीस्टार्ट होईपर्यंत कर्नल तेच धरून बसतो. प्रयोग करताना हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच गोंधळ उडतो.

आता पहिल्या ओळीबद्दल, कारण "महिनोन्‌महिने चालत होतं आणि बंद पडलं" याचं उत्तर पुष्कळदा या ओळीत असतं. पुष्कळ जण /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मॉडअलायस या फाइलमधली, मशीनची ओळख सांगणारी लांबलचक ओळ जशीच्या तशी कॉपी करून टाकतात. त्या ओळीत बीव्हीआर नंतर बायॉसचं व्हर्जन असतं आणि बीडी नंतर बायॉसची तारीख. बायॉस अपडेट झालं की दोन्ही बदलतात, तुमची ओळ जुळत नाही आणि मॅपिंग गुपचूप निघून जातं, कुठे एरर नाही काही नाही. म्हणून स्वतःच्या मशीनसाठी वर दिलंय तसं डीएमआय: च्या पुढे नुसती चांदणी पुरते.

एकदा दाबलं आणि आवाज थेट शंभरवर

हा प्रकार मला सगळ्यात जास्त वेळा निस्तरावा लागलाय. माझ्या मावसबहिणीच्या लॅपटॉपवर आवाज वाढवायचं बटण एकदा दाबलं की आवाज चढतच राहायचा, दुसरं कुठलंतरी बटण दाबेपर्यंत थांबायचा नाही, आणि ती ऑनलाइन क्लास घेते त्यामुळे तिला फारच त्रास. दुकानात दाखवलं तर कीबोर्ड बदलावा लागेल म्हणून सांगितलं होतं. कीबोर्डला काहीही झालेलं नव्हतं.

इव्हटेस्टमध्ये अशा बटणाची व्हॅल्यू बघा. दाबल्यावर १ येतं, धरून ठेवलं तर २ येत राहतं, सोडल्यावर ० यायला पाहिजे. काही लॅपटॉपचा कंट्रोलर खास बटणांसाठी सोडल्याचा निरोप पाठवतच नाही, ० कधी येतच नाही, म्हणून सिस्टीमला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. उपाय एचडब्ल्यूडीबीमध्येच आहे, नावाच्या आधी उद्गारचिन्ह लावायचं, म्हणजे कीबोर्ड_की_एबी=!व्हॉल्यूमअप. मग कर्नल स्वतःच लगेच बटण सुटलं असं धरतो. धरून ठेवून आवाज सलग वाढवता येत नाही, एकेकदा दाबावं लागतं, पण त्याला इलाज नाही. कुणी तुम्हाला कीबोर्ड बदलायला सांगत असेल तर आधी ही एक तपासणी नक्की करा, पैसे वाचतील.

माइकचं बटण एफ२० दाखवतंय

हे बिघडलेलं नाही. कर्नलचा माइक म्यूटचा कीकोड २४८ आहे. एक्स प्रत्येक कीकोडमध्ये ८ मिळवतं, आणि एक्सला २५५ च्या वरचे कीकोड घेता येत नाहीत. २४८ अधिक ८ म्हणजे २५६, एकाने हुकलं. म्हणून एक्ससाठी माइकचं बटण एफ२० ला, म्हणजे १९० ला जोडायची पद्धत पडली आणि पुढे एक्सकेबी (एक्सचा कीबोर्डचा भाग) त्या एफ२० ला माइक म्यूट समजतं. टचपॅड चालू-बंद करायच्या बटणाचंही तेच, त्याचा कीकोड ५३० आहे, तो एक्सवर एफ२१ म्हणून फिरवला जातो. तेव्हा एक्सवर असाल, इव्हटेस्टमध्ये मायक्रोफोन म्यूट असं अगदी बरोबर नाव दिसत असेल आणि तरी काही होत नसेल, तर एचडब्ल्यूडीबीमध्ये त्या कोडला एफ२० देऊन बघा. वेलँडला ही २५५ ची मर्यादा नाही.

कर्नलपर्यंत सगळं ठीक, पण डेस्कटॉप ढिम्म

एक्सवर एक्सईव्ही आणि वेलँडवर डब्ल्यूईव्ही चालवून त्या छोट्या खिडकीत बटण दाबा. एक्सईव्हीची एक गंमत नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. बटण डेस्कटॉपने आधीच स्वतःकडे घेतलेलं असेल तर एक्सईव्हीमध्ये कीप्रेस दिसत नाही, त्याऐवजी फोकसआउट आणि फोकसइन दिसतं आणि त्यात नोटिफायग्रॅब असं लिहिलेलं असतं. म्हणजे बटण पोचलंय, कुणीतरी पकडलंय, आता ते पकडणारा पुढे काय करतो ते बघायचं.

पकडणारा कोण हे डेस्कटॉपप्रमाणे बदलतं. ग्नोममध्ये जीएसडी-मीडिया-कीज नावाची प्रोसेस हे काम करते, ती चालू आहे का आणि कीबोर्ड शॉर्टकटमध्ये आवाजाच्या जागी दुसरं काही लागलंय का बघा. केडीईमध्ये आवाजाचं काम प्लाझ्मा-पीए हा आवाजाचा भाग बघतो आणि ब्राइटनेसचं पॉवरडेव्हिल. एक्सएफसीईमध्ये मात्र मजा आहे, तिथे आवाजाची बटणं पॅनलवरचा पल्सऑडिओ प्लगइन सांभाळतो, त्यामुळे पॅनल सुटसुटीत करायचं म्हणून तो स्पीकरचा आयकॉन काढला की बटणं बंद, आणि दोन्हींचा संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. प्लगइन परत लावा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कीबोर्ड शॉर्टकटची खूण आहे का पाहा.

आय३, ओपनबॉक्स, स्वे असलं काही वापरत असाल तर बटणं कॉन्फिगमध्ये जोडलेली आहेत का ते तुम्हालाच बघावं लागतं. पाइपवायर (आवाज सांभाळणारी यंत्रणा, पल्सऑडिओसारखी) असेल तर आवाजाला डब्ल्यूपीसीटीएल सेट-व्हॉल्यूम हायफन एल १ @डिफॉल्ट_ऑडिओ_सिंक@ ५%+ ही कमांड जोडा, सिंकचं नाव कॅपिटलमध्ये, आणि हायफन एल १ मुळे आवाज शंभर टक्क्यांच्या वर जात नाही. जुन्या कॉन्फिगमध्ये एमिक्सर सेट मास्टर टॉगल असतं, ते बदला, कारण पल्सऑडिओ असताना त्याने म्यूट केलं की स्पीकर आणि हेडफोनचे चॅनलसुद्धा बंद होतात आणि परत दाबल्यावर फक्त मास्टर उघडतो, आवाज काही येत नाही.

एक्समॉडमॅपच्या जुन्या कमांड वापरू नका

एक्समॉडमॅप म्हणजे एक्समध्ये बटणांचं मॅपिंग बदलणारी कमांड. नेटवर अजून सापडतं की तिने कीकोड १७६ ला आवाज वाढवा द्या, १७४ ला कमी करा आणि १६० ला म्यूट. हे एक्सच्या जुन्या केबीडी ड्रायव्हरचे नंबर आहेत. इव्हडेव्ह ड्रायव्हर आल्यापासून हेच १२३, १२२ आणि १२१ झाले. बघा ना, ११५ अधिक ८ बरोबर १२३. आता जुनी कमांड मारली तर १७४ हे आजच्या हिशोबात गाणं थांबवायचं बटण आहे, १६० स्क्रीन लॉकचं, म्हणजे चालणारी बटणं बिघडतात आणि बिघडलेलं तसंच राहतं.

नंबर बरोबर असले तरी एक्समॉडमॅप टिकत नाही. सेटएक्सकेबीमॅपने लेआउट बदलला की त्याचे सगळे बदल पुसले जातात. आपल्याकडे इंग्रजी आणि मराठी इनस्क्रिप्टमध्ये दिवसभर अदलाबदल करणाऱ्यांपैकी ज्यांनी ती सेटएक्सकेबीमॅपच्या शॉर्टकटवर ठेवलीय त्यांचं मॅपिंग पहिल्या मराठी ओळीबरोबर जातं, आणि "कधी चालतं कधी नाही" असं वाटत राहतं. वेलँडच्या ॲप्सना तर एक्समॉडमॅप लागूच होत नाही. एचडब्ल्यूडीबीचं मॅपिंग कर्नलमध्ये बसतं त्यामुळे लेआउट कुठलाही असो, एक्स असो की वेलँड, ते हलत नाही.

प्ले-पॉज आणि ब्राइटनेस

प्ले-पॉज दाबल्यावर गाण्याऐवजी ब्राउझरमधला व्हिडिओ सुरू होत असेल तर कीबोर्डला दोष नाही, डेस्कटॉप ही बटणं एमप्रिस नावाच्या सोयीमधून प्लेअरला देतो आणि ब्राउझरही तिथे प्लेअर म्हणून उभा असतो. प्लेअरसीटीएल हायफन एल केलं की कोण कोण उभं आहे ते कळतं. फायरफॉक्सला यातून काढायचं तर अबाउट:कॉन्फिगमध्ये मीडिया.हार्डवेअरमीडियाकीज.इनेबल्ड फॉल्स करा.

ब्राइटनेसची पट्टी स्क्रीनवर वर-खाली होते पण उजेड बदलत नाही, हे दिसलं की कीबोर्ड सोडून द्या, बटण शेवटपर्यंत पोचलेलं आहे. /सिस/क्लास/बॅकलाइट मध्ये काय आहे बघा. इंटेल_बॅकलाइट, एएमडीजीपीयू_बीएल०, एसीपीआय_व्हिडिओ० असली नावं दिसतील, कधी दोन असतात आणि डेस्कटॉप चुकीच्याला आकडा देत असतो. एकेका फोल्डरमधल्या ब्राइटनेस फाइलमध्ये रूट म्हणून, मॅक्स_ब्राइटनेसच्या साधारण अर्धा आकडा लिहून बघा, शून्य लिहू नका, काही पॅनल पूर्ण काळे होतात. कुठल्या नावाने उजेड बदलतो ते कळलं की बूटच्या वेळी कर्नलला एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह, नाहीतर व्हेंडर, नाहीतर व्हिडिओ देऊन बघा. आधी ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूत ई दाबून एका बूटपुरतं, जमलं तरच कायमचं.

कुठेच काही उमटत नाही

इव्हटेस्टच्या कुठल्याच डिव्हाइसवर नाही, डीमेसेजमध्ये नाही, तर एसीपीआयडी टाकून एसीपीआय_लिसन चालवा आणि बटण दाबा. तिथे ओळ आली तर सिस्टीमला निरोप मिळतोय पण त्याचं बटणात रूपांतर करणारं मॉड्यूल (कर्नलचा जोडभाग) नाही. एलएसमॉडमध्ये तुमच्या कंपनीचं मॉड्यूल आहे का बघा, थिंकपॅड_एसीपीआय, आयडियापॅड_लॅपटॉप, आसुस_एनबी_डब्ल्यूएमआय, एचपी_डब्ल्यूएमआय, डेल_डब्ल्यूएमआय वगैरे. नसेल तर सुडो मॉडप्रोब लावून घालून पाहा, कुणी ब्लॅकलिस्ट केलंय का तेही तपासा. नवीन मॉडेल असेल तर नवा कर्नल हाच बऱ्याचदा उपाय असतो, कारण या मॉड्यूलमध्ये नवीन मशीनची भर सतत पडत असते. लाइव्ह यूएसबीवर ताज्या कर्नलचं डिस्ट्रो चालवून आधी खात्री करून घ्या.

मदत मागताना नुसतं "बटणं चालत नाहीत" लिहू नका, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, कर्नलचं व्हर्जन, एक्स की वेलँड, आणि बटण दाबल्यावर इव्हटेस्टमध्ये नेमकं काय आलं ते चार ओळींत द्या. कीबोर्डचं आउटपुट चिकटवताना त्यात चुकून टाइप केलेला पासवर्ड नाही ना तेवढं बघा.

आणि तुमचं मॅपिंग चाललं तर ते स्वतःपुरतं ठेवू नका. सिस्टमडीच्या ६०-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी या फाइलमध्ये मॉडेलप्रमाणे अशीच मॅपिंग साठवलेली असतात, ती लोकांनीच पाठवलेली आहेत. पाठवताना मात्र नुसती चांदणी चालणार नाही, कारण ती सगळ्याच लॅपटॉपना लागेल. तिथे एसव्हीएन नंतर कंपनीचं नाव आणि पीएन नंतर मॉडेल, मॉडअलायस फाइलमध्ये आहे अगदी तसंच लिहा, बायॉसच्या बीव्हीएन, बीव्हीआर, बीडी या तिन्हींपुढे आणि शेवटच्या पीव्हीआरपुढे चांदणी ठेवा, आणि सोबत प्रत्येक कोडसमोर बटणावर कुठलं चित्र छापलंय ते लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला तुमचं मशीन हातात नसतानाही कळतं.